कुलपात, नाहीतर नजरेत

१

शुक्रवारी सकाळी कोरीन एबेलनं लोखंडी कपाटाचा वरचा खण उघडला आणि आतली डिस्क जागेवर नव्हती.

वस्तू म्हणाल तर हाताच्या पंजाएवढी, राखाडी मऊ पिशवीत ठेवलेली. तिच्यात विमानाच्या कुठल्याशा यंत्राची गणितं होती. कुठल्या ते मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचा मला अधिकारही नाही. कोरीननं दोन्ही खण उपसले, कपाटामागं हात घालून पाहिलं, मग खोलीबाहेर येऊन कप्प्यात ठेवलेला आपला फोन घेतला आणि हॉलिस रॅलीला लावला. त्या बिनखिडक्यांच्या खोलीत फोन न्यायचा नसतो, घड्याळसुद्धा साधंच लागतं. "मिस्टर हॉलिस, डिस्क नाहीये," ती म्हणाली.

हॉलिस म्हणजे त्या कंपनीचा सुरक्षा अधिकारी. कपाटाच्या कुलपाचे आकडे तिघांनाच ठाऊक होते: कोरीन, हॉलिस आणि ओहायोहून आलेला तरुण इंजिनिअर मायलो गॅन्झ. गुरुवारी संध्याकाळी हॉलिसनं महिन्याची मोजदाद केली आणि "मोजून आत ठेवली" असं सांगितलं. कोरीननं खण लावून आकड्यांची चकती फिरवली. मायलोनं रिवाजाप्रमाणे मूठ ओढून पाहिली. म्हणजे कपाट बंद करणारी कोरीन आणि सकाळी पहिल्यांदा उघडणारीही कोरीनच.

माझं नाव लिओना टिपेट. दारं ठोठावणं हा माझा धंदा. सरकारी गुपितं हाताळायचा परवाना ज्यांना हवा असतो किंवा राखायचा असतो, त्यांच्याबद्दल मी चौकशा करते. माणूस पितो किती, भांडतो कुणाशी, देणी किती, खोटं बोलतो का. पॅटक्सेंट नदीच्या काठी आमच्या काउंटीत दर दुसरं घर लष्करी विमानतळावर नाहीतर त्या तळाच्या जिवावर जगणाऱ्या कंपन्यांवर चालतं. त्यामुळे मी दिसले की लोक आधी कुत्रं बांधतात आणि मग कॉफी विचारतात.

वॉशिंग्टनच्या साहेबांनी मला डिस्क शोधायला सांगितलं नव्हतं. त्यासाठी त्यांची वेगळी माणसं येऊन कपाटाला सील ठोकून गेली होती. मला तिघांचे खिसे आणि वागणूक पाहायची होती. पैशाची नड असलेला माणूस विकत घेता येतो, हा या धंद्यातला जुना आडाखा. आणि नड होती ती एकट्या कोरीनला. नवऱ्याच्या, डेलच्या आजारपणानं कोरीनच्या डोक्यावर इस्पितळाच्या कर्जाचा डोंगर ठेवला होता. डेल गेला, डोंगर राहिला. साहेबांनी तिचा परवाना तात्पुरता थांबवला होता. माझा अहवाल वाईट गेला की तो कायमचा जाणार होता, आणि परवान्याविना त्या कंपनीत झाडू मारायलासुद्धा कुणी ठेवत नाही.

तिचे कागद मी चाळले. डिस्क हरवायच्या आदल्या आठवड्यात कोरीननं इस्पितळाला एकरकमी अठरा हजार डॉलर भरले होते. पगार तोच, घर गहाण, बँकेत खडखडाट.

हे अठरा हजार कुठून उगवले?

२

"ये लिओना. आज कुणाचं कुलूप फोडायला आलीस?"

हॉलिस आणि मी शाळेत एका बाकावर होतो. त्याच्या खोलीत भिंतीवर त्यानं स्वतः रंगवलेली पाटी आहे: कुलपात, नाहीतर नजरेत. गुपित एकतर कुलपात असावं, नाहीतर जबाबदार माणसाच्या डोळ्यांसमोर, तिसरी जागा नाही. दरवर्षी नव्या पोरांना तो हे इतक्यांदा ऐकवतो की ती त्याला मागून 'नजरेत' म्हणतात.

"तुझंच फोडायला आले," मी म्हटलं. "तिघांत तूही आहेस."

"माझं बँक खातं उघड. वाचता वाचता झोप लागेल तुला."

ते खरं होतं. घर फेडलेलं, उसनवारी नाही, एकतीस वर्षं कोरी पाटी. ख्रिसमसच्या आधी तो निवृत्त होणार होता आणि निरोपाच्या जेवणासाठी त्यानं मसाला भरलेलं हॅमही सांगून ठेवलं होतं. आमच्याकडे कोबी, मोहरी, लाल मिरची ठासून उकडलेल्या त्या हॅमशिवाय ना लग्न होत ना मयत.

टेबलावर त्याचा लाल डबा होता. बर्फाच्या पिशव्या टाकून जेवण गार ठेवतात तसला, कडीचा.

"कोरीनचं काय?"

"पोरगी चांगली आहे. पण देणं ते देणं. मी कुणाच्या वाईटावर नाही, लिओना."

"एकदम मोठी रक्कम हातात आली की आधी तुला येऊन सांगायची, असा नियम आहे ना? सांगितलं तिनं?"

"कॉफी घेतेस?"

तो उठला. डबा कोपराला अडकवला, बाहेर गेला आणि एकाच हातात दोन पेले धरून आला. अर्धी कॉफी माझ्या बाहीवर सांडली.

"अरे, तो डबा ठेव की खाली! हॅम आहे का आत? मी पळवीन म्हणून भितोस?"

तो हसला, पण उशिरा. "आर्डिथचं पथ्याचं आहे. पडली ना ती न्हाणीघरात, कंबर धरलीय."

आर्डिथ त्याची बायको. मी तिची विचारपूस केली आणि पुन्हा मुद्द्यावर आले. "सांगितलं की नाही कोरीननं?"

हॉलिसनं पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाही," तो म्हणाला. "मला काही सांगितलेलं नाही."

खरं सांगते, मला बरंच वाटलं. कोडं सुटल्यासारखं. कर्ज असणं हा गुन्हा नाही. कर्जबाजारी माणसांचे परवाने मी शाबूत राहिलेले पाहिलेत, कारण त्यांनी विचारायच्या आधी सांगितलं होतं. जातो तो लपवणारा. कोरीननं लपवलं होतं.

३

कोरीनचं घर खाडीच्या तोंडाशी आहे. ओसरीत तिचा सासरा, कॅप्टन फॉस्टर, खेकड्यांचे पिंजरे दुरुस्त करत बसला होता. जन्मभर त्यानं खाडीतून खेकडे आणि कालवं काढली. सगळे त्याला कॅप्टनच म्हणतात, मीसुद्धा.

कोरीननं मला स्वयंपाकघरात बसवलं. खिडकी उघडी होती आणि पिंजऱ्याच्या तारेचा आवाज आत येत होता.

"विचारा, मिस लिओना. काय विचारायचं ते विचारा."

मी विचारत गेले, ती सांगत गेली. इस्पितळाचं इतकं, गाडीचं तितकं, क्रेडिट कार्डावर किराणा घेतला तेही. एकदा वीजबिल चुकलं होतं, तेही तिनं स्वतःहून सांगितलं. इतकं सरळ बोलणारं माणूस मला सहसा भेटत नाही. आणि सरळ बोलणाऱ्या माणसाचा मला जास्तच संशय येतो.

"आणि ते अठरा हजार?"

तिनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर तारेचा आवाज थांबला होता.

"ते जिथं सांगायचं तिथं सांगितलंय," ती हळू आवाजात म्हणाली.

"मला सांगायचं असतं."

"इथं नाही सांगणार."

"कोरीन, बाई, तुला कळतंय ना मी काय लिहीन ते? परवाना गेला तर नोकरी गेली. नोकरी गेली तर हे घर जाईल. या म्हाताऱ्याला घेऊन कुठं जाशील?"

तिचे डोळे भरून आले. "जिथं सांगायचं तिथं सांगितलंय," ती पुन्हा म्हणाली. मला तो उर्मटपणा वाटला. मी वही मिटली आणि उठले.

ओसरीत कॅप्टन फॉस्टरनं मला थांबवलं.

"झाली झडती?"

"झडती कसली, कॅप्टन. दोन प्रश्न विचारले."

"मग एक माझ्याकडूनही ऐका. माझी बोट कधीची दुरुस्तीला गेलीय. इंजिन काढलंय म्हणते सून. कुठल्या गोदीत आहे विचारलं की विषय बदलते." त्यानं पक्कड गुडघ्यावर ठेवली. "डेल माझा मुलगा, पण ही मला मुलीसारखी. तरी सांगतो तुम्हाला. ही पोरगी काहीतरी लपवतेय."

४

मायलो गॅन्झ मला बोटींच्या धक्क्यावर सापडला. पंचविशीतला उंच पोरगा. खाडीत राहून अजून खेकडा सोलता येत नाही त्याला. तो एका बोटीचा कठडा पुसत होता. रोखीनं घेतलेली बोट, हे मला आधीच कळलं होतं. डिस्क गायब आणि पोराकडे बोट, हा योगायोग मला मुळीच आवडला नव्हता.

बोट पाहून तर मी हबकलेच. ती निळी होती.

आमच्या खाडीत बोटीला निळा रंग कुणी देत नाही. निळी बोट पाणी ओढून घेते म्हणतात. कुणाचा विश्वास असो नसो, हात धजावत नाही. निळ्या बोटीकडे आमचे जुने दर्यावर्दी नजरसुद्धा टाकत नाहीत.

"कुणी रंगवली रे?"

"मीच. छान दिसते ना, मिस लिओना? आकाशासारखी."

"कुठून घेतलीस?"

"असंच... एकाकडून." त्याचे कान लाल झाले.

"कपाटाचं काय सांगतोस? गुरुवारी संध्याकाळी?"

"मूठ मी ओढली. घट्ट होती. त्याआधी दाराशी आमचे डबे तपासले, नेहमीसारखे."

"कुणी तपासले?"

"मिस्टर हॉलिसच तपासतात रोज. त्या दिवशी तपासता तपासता बाहेरच्या टेबलावरचा फोन वाजला, त्यांची बायको पडली म्हणून. ते आत पळाले, टेबलावरचं सगळं आपल्या डब्यात कोंबलं आणि गेले; खण कोरीननं मग लावला. आम्हाला आत बिस्किट नेऊ देत नाहीत, स्वतः मात्र डबा घेऊन बसतात मोजदादीला." तो हसला. "नियम करणाऱ्याला कसला नियम!"

मी ऐकत होते, पण लक्ष बोटीच्या मागच्या फळीवर होतं. निळ्या रंगाखाली अक्षरांचे उंचवटे दिसत होते. मी किल्लीनं खरवडलं. मायलो "अहो, अहो!" करत आला. रंगाची पापडी निघाली आणि खाली पांढऱ्यावर लाल अक्षरं दिसली. मिस ओपल.

ओपल म्हणजे कॅप्टन फॉस्टरची गेलेली बायको. ही त्यानं स्वतःच्या हातानं बांधलेली बोट होती.

"बस खाली," मी मायलोला म्हटलं. "आणि आता एक शब्द जरी खोटा बोललास तर तुझाही परवाना मी घालवीन."

पोरगा बसला आणि भडाभडा बोलला. बोट डेलच्या नावावर होती, डेलमागं कोरीनच्या. इस्पितळवाल्यांनी कोर्टाची धमकी दिली तेव्हा तिनं ती अठरा हजाराला मायलोला विकली. म्हाताऱ्याला सांगायचं धाडस होईना. रंग बदल, नाव झाक, एवढी अट तिनं घातली.

म्हणजे माझे दोन संशय एकाच व्यवहाराची दोन टोकं होती. हिला आलेला पैसा याच्या बोटीचा आणि याची बोट हिच्या गरजेची. मी जरा हिरमुसले, खोटं कशाला बोलू.

"मग हे वेळेवर सांगायला काय झालं होतं, शहाण्यांनो? नियम माहीत नाही?"

मायलो माझ्याकडे बघतच राहिला.

"सांगितलं की! त्याच दिवशी दुपारी. मी आणि कोरीन, दोघं मिळून गेलो मिस्टर हॉलिसकडे. ते म्हणाले, 'माझ्यावर सोडा.'"

जिथं सांगायचं तिथं सांगितलंय.

५

दोन माणसं एक सांगतात आणि एक माणूस उलटं सांगतो. तो एक माणूस एकतीस वर्षं खोटं बोललेला नाही. आता कुणावर विश्वास ठेवायचा?

रविवारी आमच्या चर्चचं शरदातलं जेवण होतं. हॅम, तळलेली कालवं, बिटाचं लोणचं. सगळा गाव लांब टेबलांना बसलेला. कोरीन वाढायला होती. तिच्याकडून वाटी घेताना काहीजण दुसरीकडे बघत होते. असल्या गावात बातमीला पाय फुटत नाहीत, पंख फुटतात. तिची मान ताठ होती आणि ती वाढत पुढं जात होती.

समोरच्या टेबलाशी हॉलिस बसला होता, शेजारी काठी घेऊन आर्डिथ. हॉलिसच्या मांडीवर लाल डबा होता.

भरल्या पंगतीत डबा? मी त्याच्याकडे पाहत राहिले. फादर येऊन म्हणाले, "हॉलिस, दे इकडे, मागं ठेवतो." त्यानं मान हलवली. तो हॅम घ्यायला उठला तर डबा कोपराला. परत आला तर डबा मांडीवर. कुणीतरी प्रार्थनेसाठी हात जोडायला सांगितले, तेव्हा त्यानं डबा दोन्ही पावलांत घट्ट धरला.

मी ताट घेऊन आर्डिथशेजारी जाऊन बसले. "कशी आहेस ग?"

"मेले नाही, एवढंच," आर्डिथ म्हणाली. ती पहिल्यापासून फटकळ. "याला विचार. उठायला दोन हात लागतात मला, हा एकच देतो. दुसऱ्यात सदानकदा तो मेला डबा. न्हाणीघरातसुद्धा नेतो. मी म्हटलं घासून ठेवते, तर अंगावर आला. एवढ्या वर्षांच्या संसारात कधी अंगावर आला नव्हता."

"तुझं पथ्याचं असतं ना त्यात?"

"माझं कसलं डोंबलाचं पथ्य? कंबर धरलीय माझी, पोट नाही."

हॉलिस खाली ताटाकडे बघत होता. हॅमला त्यानं हातही लावला नव्हता.

मी तेवढ्यात सगळं जुळवलं. चोरानं डिस्क केव्हाच विकली असती, निदान नदीत तरी फेकली असती. नाहीतर घरात कुठं दडवून ठेवली असती आणि हात हलवत जेवायला आला असता. जी वस्तू टाकवत नाही, दडवता येत नाही, परत ठेवता येत नाही, ती घेऊन माणूस काय करेल? आणि तेही असा माणूस, ज्यानं आयुष्यभर एकच वाक्य पोरांच्या कानीकपाळी ओरडलंय?

कुलपात, नाहीतर नजरेत. कपाटाला तर सील होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. वॉशिंग्टनहून माणसं येऊन खाडी धुंडाळून गेली होती.

"हॉलिस," मी म्हटलं, "जरा फादरांच्या खोलीत ये. डबा घेऊनच ये."

६

त्यानं दार लावलं आणि डबा टेबलावर ठेवला. दोन्ही हात झाकणावर.

"सगळ्यांचे डबे तू तपासतोस," मी म्हणाले. "तुझा कोण तपासतं?"

त्यानं डब्याची कडी चाचपली.

"त्या गुरुवारी तू मोजदादीला बसलास. डिस्क राखाडी पिशवीत, टेबलावर. शेजारी तुझा डबा आणि त्यातल्या बर्फाच्या पिशव्या. त्यांचा रंग कोणता रे?"

"राखाडी," तो म्हणाला.

"फोन आला, आर्डिथ पडली. तू सगळं डब्यात कोंबलंस. कोरीननं विचारलं असणार, आत ठेवली ना? तू पळता पळता हो म्हणालास. तिनं तुझ्या शब्दावर खण लावला. बरोबर?"

"घरी आल्यावर कळलं," हॉलिस म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "बर्फ काढायला गेलो तर ही. वाटलं, सकाळी सगळ्यांआधी जाऊन ठेवून देऊ. आर्डिथला डॉक्टरकडे नेण्यात उशीर झाला, आणि कोरीनचा फोन आला."

"तेव्हाच सांगायचंस! चूक होती रे ती. एक ताकीद मिळाली असती, फार तर."

"एकतीस वर्षं, लिओना. एक डाग नाही."

"आणि कोरीन? तिनं त्या पैशाचं तुला सांगितलं होतं. मी तोंडावर विचारलं तेव्हा तू नाही म्हणालास."

"मी तिचं नाव घेतलं नाही. कुणाकडे बोट दाखवलं नाही."

मला इतका राग आला की टेबलावर हात आपटला. "बोट दाखवायला हवं होतं कशाला? कर्ज तिचं होतंच की. लोक आपोआप तिकडे बघणार, हे तुला ठाऊक होतं. तू नुसता बाजूला उभा राहिलास. तिचं घर जात होतं, आणि तू इथं हा डबा छातीशी धरून फिरत होतास!"

तो रडला. शाळेत पाय मोडला तेव्हासुद्धा मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

"निवृत्तीपर्यंत थांब," तो म्हणाला. "मग मी स्वतः..."

"नाही. आत्ता."

त्यानं डोळे पुसले आणि डबा माझ्याकडे सरकवला. मी हात मागं घेतले.

"मला नाही घेता येत. माझा परवाना त्या पायरीचा नाही."

तो अर्धवट हसला. "बरोबर. चुकलो." आणि डबा परत आपल्याकडे ओढला.

मग मीच वॉशिंग्टनला फोन लावला. साहेब येईपर्यंत डबा कुणाच्या तरी नजरेत हवा होता, आणि हॉलिस सोडला तर ज्याचा त्या डिस्कपुरता परवाना अजून चालू होता असा त्या जेवणावळीत एकच माणूस होता. मायलो धापा टाकत आला. त्याला मी काय ते सांगितलं. पोरगा पांढरा पडला, पण खुर्ची ओढून डब्यासमोर बसला आणि डोळे वटारून त्याच्याकडे पाहू लागला.

दाराशी आर्डिथ काठी टेकत आली होती. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. ती दाराजवळच्या स्टुलावर बसली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. हॉलिस टेबलापासून दूर झाला. हात रिकामे झाले आणि ते कुठं ठेवावेत त्याला समजेना.

"आता तरी दे," आर्डिथ म्हणाली.

त्यानं तिच्यापुढे दोन्ही हात केले आणि तिला उठवलं.

७

हॉलिसचा परवाना गेला. डिस्क चुकून घरी नेल्याबद्दल गेला नसता, हे वॉशिंग्टनच्या साहेबांनीच मला सांगितलं. गेला तो मला दिलेल्या त्या 'नाही'बद्दल. निरोपाचं हॅम रद्द करायला त्यानं स्वतः फोन केला. मी अजून त्याच्याकडे जाते. तो कॉफी करतो, आता दोन हातांनी आणतो, आणि आम्ही हवामानावर बोलतो.

कोरीनचा परवाना परत मिळाल्याचं पत्र आलं, त्या दिवशी मी मुद्दाम तिच्या घरी गेले. कॅप्टन फॉस्टर नेहमीसारखा ओसरीत होता. कोरीननं पत्र वाचलं आणि मला मिठी मारली.

"झालं ना सगळं, मिस लिओना?"

"सरकारचं झालं," मी म्हटलं. "तू सरकारपासून काही लपवलं नव्हतंस." आणि मी ओसरीकडे पाहिलं.

तिला कळलं. बराच वेळ ती पत्राची घडी घालत राहिली, उलगडत राहिली. मग बाहेर जाऊन म्हाताऱ्यासमोर पायरीवर बसली. मी दारातच थांबले. माझा धंदाच ऐकण्याचा.

"कॅप्टन," ती म्हणाली, "मिस ओपल दुरुस्तीला नाहीये. मी विकली. डेलच्या बिलांसाठी."

"ठाऊक आहे," कॅप्टन फॉस्टर म्हणाला.

कोरीनचं तोंड उघडंच राहिलं.

"रोज संध्याकाळी ती निळी बोट खाडीत शिरते ना? मी काही तिच्याकडे बघत नाही. पण ते इंजिन मी बसवलंय. रंग डोळ्यांना फसवतो, पोरी, कानांना नाही."

"मग बोलला का नाहीत इतके दिवस?"

"मी काय बोलणार? तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

कोरीननं त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि रडू लागली. त्यानं तारेनं ओरबाडलेला आपला हात तिच्या केसांवर ठेवला. खाडीच्या वळणाकडून इंजिनाचा आवाज येऊ लागला होता.

"फक्त त्या ओहायोवाल्याला एवढं सांग," म्हातारा म्हणाला, "तो निळा रंग आधी खरवडून काढ म्हणावं. बुडेल लेकाचा."